दोन कौल : बाबासाहेबांचे रोम आणि आपली राखीव जागा



विषय दिला आहे ‘प्राचीन रोमचा समाज, राज्यकारभार आणि वारसा’. हजार वर्षांचा इतिहास एका तासात सांगायचा म्हटला तर सम्राटांची नावे वाचण्यातच वेळ जाईल. रस्ते, पाण्याचे कालवे, कायदा, सेनेट हे सगळे शाळेच्या पुस्तकातही मिळते. म्हणून आम्ही एक छोटा उतारा घेऊन आलो आहोत. रोमचा इतिहास आपल्या मातीत कोणी, कशासाठी वापरला, आणि तो वापर कितपत बरोबर होता, याची ही चिकित्सा आहे. उतारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. चिकित्सा म्हणजे दोष काढणे नव्हे आणि आरतीही नव्हे, एवढे आधी स्पष्ट करतो.

१९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांना वार्षिक अधिवेशनाचे अध्यक्षपद दिले. भाषण लिहून झाले, त्यातला मजकूर मंडळाला झेपेना, अधिवेशनच रद्द झाले. बाबासाहेबांनी ते न झालेले भाषण त्याच वर्षी मे महिन्यात स्वखर्चाने छापले. तेच ‘जातिनिर्मूलन’. व्याख्यानमाला ऐकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे बरं का, की आपल्या देशातले एक अत्यंत महत्त्वाचे व्याख्यान कधी दिलेच गेले नाही!

या भाषणात समाजवाद्यांशी वाद आहे. समाजवादी म्हणत, सत्तेचे मूळ मालमत्तेत आहे, ते बदला म्हणजे बाकीचे आपोआप बदलेल. बाबासाहेब म्हणतात, तसे नाही. धर्म हेही सत्तेचे मूळ आहे आणि ते पैशाहून कमी नाही. याला उदाहरण म्हणून ते रोमला जातात. रोममध्ये दोन वर्ग होते. पॅट्रिशियन म्हणजे जन्माने उच्च कुळांतले, आणि प्लेबियन म्हणजे बाकीचे सामान्य नागरिक. राज्याचे सर्वोच्च अधिकारी दोन, त्यांना कॉन्सल म्हणत. प्लेबियनांनी झगडून त्यांतली एक जागा मिळवली. बाबासाहेबांच्या मांडणीनुसार ही जागा प्लेबियनांच्या स्वतंत्र मतदारसंघातून, कॉमिशिया सेंच्युरिआटा या सभेतून भरली जाई. तरीही त्यांना खंबीर कॉन्सल कधीच मिळाला नाही. कारण निवडून आलेल्याला डेल्फीच्या देवीचा होकार लागे आणि तिथले पुजारी सगळे पॅट्रिशियन. खंबीर माणूस निवडला की देवी नाकारी. मग प्लेबियन दुसरा, मवाळ माणूस निवडीत. धर्म सोडण्याऐवजी त्यांनी हातात आलेला हक्क सोडला.

आपल्या मराठीत या गोष्टीसाठी एकच शब्द पुरतो, कौल. देवीला कौल लावतात आणि निवडणुकीत जनता कौल देते. बाबासाहेबांचा मुद्दा मराठीत असा सांगता येईल : जनतेचा कौल मिळाला, तरी देवीचा कौल ज्यांच्या हातात आहे त्यांचीच सत्ता चालते. पहिला कौल उघड असतो, दुसरा आतला. आता हा मुद्दा तपासू या.

प्रथम तथ्ये. डेल्फी ग्रीसमध्ये आहे, रोममध्ये नव्हे. तिथला देव अपोलो, देवी नव्हे. कौल सांगणारी स्त्री होती, ती पिथिया. रोमने तिथे संकटकाळी दूत पाठवले, उदाहरणार्थ कॅनीच्या लढाईतल्या भीषण पराभवानंतर इ.स.पू. २१६ मध्ये. पण रोमच्या कॉन्सलच्या नेमणुकीला डेल्फीची मान्यता लागत नसे आणि तिथले पुजारी रोमचे पॅट्रिशियन नव्हते.

दुसरे, कॉमिशिया सेंच्युरिआटा ही प्लेबियनांची सभा नव्हती. ती सगळ्या नागरिकांची सभा होती, आणि तिच्यात मत माणसागणिक नव्हते, गटागणिक होते. एकूण गट १९३. जुन्या रचनेत घोडदळाचे १८ आणि सर्वांत श्रीमंत वर्गाचे ८० मिळून ९८, म्हणजे बहुमत तिथेच पूर्ण. दोन्ही कॉन्सल, पॅट्रिशियनही आणि प्लेबियनही, याच सभेतून निवडले जात.

तिसरे, खंबीर प्लेबियन कॉन्सल कधीच झाला नाही, हेही टिकत नाही. क्विंटस पब्लिलियस फिलो हा प्लेबियन इ.स.पू. ३३९ मध्ये कॉन्सल आणि त्याच वर्षी डिक्टेटर झाला, आणि त्याने प्लेबियनांच्या बाजूचे कायदे करून घेतले. पुढे सिराक्यूज जिंकणारा मार्सेलसही प्लेबियनच.

इथे दोन सोप्या प्रतिक्रिया संभवतात. एक म्हणते, उदाहरणच चुकले, तर सिद्धान्त गेला. यावर वेळ कशाला घालवायचा? दुसरी म्हणते, बाबासाहेबांच्या वाक्याला हात लावणे म्हणजे अनादर, तेव्हा डेल्फीचा विषय काढू नका. आम्हांला दोन्ही अमान्य आहेत. पहिलीत आळस आहे, दुसरीत भक्ती आहे. आणि भक्तीने राजकारण नासते, हे बाबासाहेबांनीच संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बजावले होते.

आपल्या न्यायदर्शनात अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. उदाहरण हा तिथे शोभेचा भाग नाही, तो अवयव आहे. ‘जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघर’ म्हणताना स्वयंपाकघर खरे असावे लागते. ते खोटे निघाले तर नैयायिक दोन कामे करतो. दोष दाखवतो, आणि मग दुसरे खरे उदाहरण सापडते का ते शोधतो. सापडले तर व्याप्ती, म्हणजे ‘जिथे जिथे हे, तिथे तिथे ते’ हा नियम, शाबूत राहतो. आम्ही आज तेच दुसरे काम करणार आहोत.

तर दुसरा कौल रोममध्ये होता का? होता. तो डेल्फीला नव्हता, रोमच्याच कचेरीत होता. रोममध्ये कुठलेही सार्वजनिक काम शकुन पाहिल्याशिवाय होत नसे. निवडणूक, नेमणूक, सभा, लढाई, सगळ्याआधी आकाश आणि पक्षी बघायचे. शकुनात खोट होती की नाही, हे सांगणारे एक मंडळ होते. त्यांना ऑगर म्हणत. इ.स.पू. ३०० पर्यंत हे मंडळ पूर्णपणे पॅट्रिशियनांचे होते. त्यांनी ‘निवड सदोष’ म्हटले की निवडलेला माणूस पायउतार होई.

लिव्ही या इतिहासकाराने इ.स.पू. ३२७ ची घटना सांगितली आहे. लिव्ही या घटनांनंतर तीनशे वर्षांनी लिहीत होता, तेव्हा त्याचा प्रत्येक तपशील जसाच्या तसा घेऊ नये. पण पद्धत कशी चाले ते त्यातून कळते. मार्कस क्लॉडियस मार्सेलस (सिराक्यूजवाला नव्हे, त्याचा पूर्वज) या प्लेबियनाला निवडणुका घेण्यापुरता डिक्टेटर नेमले गेले. ऑगरांनी सांगितले, नेमणुकीत दोष आहे. प्लेबियनांचे प्रतिनिधी, ज्यांना ट्रिब्यून म्हणत, ते उसळले. त्यांचा सवाल साधा होता. कॉन्सलने दूर छावणीत, मध्यरात्रीच्या शांततेत नेमणूक केली. त्यात अपशकुन झाला हे कोणी पाहिले नाही, कोणी कळवले नाही. मग रोममध्ये बसलेल्या ऑगरांना तो दिसला कसा? डिक्टेटर प्लेबियन आहे, हाच दोष ना? नेमणूक मात्र गेलीच.

शंभरेक वर्षांनी, इ.स.पू. २१५ मध्ये, सिराक्यूजवाला मार्सेलस मोठ्या मताधिक्याने कॉन्सल निवडला गेला. दुसरा कॉन्सलही प्लेबियनच होता. मार्सेलसने पदभार घेतला आणि ढग गडगडले. ऑगरांनी निवड सदोष ठरवली. सेनेटर मंडळींनी बोलवा उठवली की पहिल्यांदाच दोन्ही कॉन्सल प्लेबियन झाले, ते देवांना रुचले नाही. मार्सेलसने राजीनामा दिला. त्याच्या जागी आला फेबियस मॅक्सिमस, पॅट्रिशियन, आणि स्वतः ऑगर मंडळाचा सभासद!

म्हणजे बघा, बाबासाहेबांचे गाव चुकले, देव चुकला, पण यंत्र त्यांनी अचूक ओळखले. उलट दुरुस्ती केल्यावर मुद्दा अधिक धारदार होतो. दूरच्या देवळातल्या पुजाऱ्याशी भांडता तरी येते. रोममध्ये जो तुमच्याशी सत्तेसाठी स्पर्धा करतो, तोच शकुन सांगतो. स्पर्धक आणि पंच एकच.

पण एका ठिकाणी बाबासाहेबांचा निष्कर्ष अपुरा पडतो. त्यांच्या मांडणीत प्लेबियनांपुढे दोनच वाटा होत्या, धर्म सोडा किंवा हक्क सोडा. आणि त्यांनी हक्क सोडला. प्रत्यक्षात त्यांनी तिसरी वाट काढली. इ.स.पू. ३०४ मध्ये नेयस फ्लेवियस नावाच्या एका कारकुनाने, जो गुलामीतून मुक्त झालेल्या माणसाचा मुलगा होता, न्यायालय कोणत्या दिवशी चालेल आणि कोणत्या दिवशी नाही याचे पंचांग चौकात लावून टाकले. तोपर्यंत हे ज्ञान पुरोहितांच्या कपाटात होते. तिथी विचारायला त्यांच्या दारी जावे लागे. आणि इ.स.पू. ३०० मध्ये ओगुल्नियस बंधूंच्या कायद्याने पुरोहितमंडळेच खुली झाली. ऑगर चाराचे नऊ झाले, वाढलेले पाचही प्लेबियन. प्लेबियनांनी देव नाकारला नाही. देवाच्या दारावरचा पहारा बदलला.

आता गंमत अशी की ही तिसरी वाट बाबासाहेबांच्याच भाषणात पुढे आहे. हिंदूंमध्ये पौरोहित्य वंशपरंपरेने असू नये, कोणाही हिंदूला पुरोहित होता यावे, त्यासाठी परीक्षा असावी आणि सरकारची सनद असावी, अशी सूचना त्यांनी केली आहे. तेव्हा रोमचा दृष्टान्त आणि ही सूचना एकमेकांशेजारी ठेवून वाचायला हव्यात. ओगुल्नियसचा कायदा त्यांनी घेतला असता, तर त्यांच्या सूचनेला बावीसशे वर्षांचा आधार मिळाला असता.

आपल्या शेजारच्या तालुक्यात याचा इतिहास घडला आहे. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण केले आणि विठ्ठलाचे दार अस्पृश्यांना उघडले. पण दार उघडणे वेगळे आणि गाभाऱ्यातला अधिकार वेगळा. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा पंढरपूर मंदिरे अधिनियम १९७३ चा. त्यावरची न्यायालयीन लढाई सर्वोच्च न्यायालयात संपली जानेवारी २०१४ मध्ये. त्याच वर्षी मंदिर समितीने पूजेचे काम ब्राह्मणेतरांना आणि स्त्रियांना खुले केले. १९४७ ते २०१४, म्हणजे ६७ वर्षे. आपल्या गावावरून दरवर्षी माउलींची पालखी जाते. ज्या वाटेवर सगळे एकमेकांच्या पाया पडतात, त्या वाटेच्या टोकाला पोहोचायला एवढा वेळ लागला, याचा विचार वारकऱ्यांनीही करावा.

आता राजकारणाकडे येऊ. कॉमिशिया सेंच्युरिआटाविषयीची दुरुस्ती आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. का, ते सांगतो.

‘जातिनिर्मूलन’च्या चार वर्षे आधी, २४ सप्टेंबर १९३२ रोजी, पुणे करार झाला. ब्रिटिशांच्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. गांधीजींनी येरवड्यात उपोषण मांडले. तडजोड अशी झाली की प्रांतिक कायदेमंडळांत राखीव जागा दुपटीहून अधिक, म्हणजे १४८, पण मतदारसंघ संयुक्त. जागा राखीव, मत सगळ्यांचे. बाबासाहेबांनी सही केली, पण पुढे या कराराची कठोर चिकित्साही केली. संयुक्त मतदारसंघातून निवडून येणारा माणूस नावाने आमचा, पण मताने त्यांचा असेल, हा त्यांचा आक्षेप होता.

आता रोमकडे पुन्हा पाहा. प्लेबियनांची कॉन्सलची जागा कशी होती? जागा राखीव, मत सगळ्यांचे, आणि मतांचे वजन श्रीमंतांकडे. म्हणजे हुबेहूब पुणे करारासारखी. बाबासाहेबांनी तिला स्वतंत्र मतदारसंघ म्हटले आणि आपल्याच बाजूचा सर्वांत बळकट पुरावा हातातून निसटू दिला. खरा स्वतंत्र मतदारसंघ रोममध्ये होता, तो ट्रिब्यूनांचा. इ.स.पू. ४९४ मध्ये कर्जाने पिचलेले प्लेबियन शहर सोडून टेकडीवर जाऊन बसले. त्यांना परत आणायला मेनेनियस अग्रिपा गेला आणि त्याने पोट आणि अवयव यांची गोष्ट सांगितली : हात, तोंड, दात संपावर गेले तर शरीर मरते. समाज म्हणजे शरीर, हे रूपक आपल्यालाही परके नाही. विराट पुरुषाच्या मुखातून कोण आणि पायांतून कोण जन्मले, हे आपण ऐकत आलो आहोत. फरक एवढाच की प्लेबियन गोष्ट ऐकून उठले नाहीत. स्वतःचे ट्रिब्यून मान्य करून घेतले, मग उठले. ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावणे हे पाप ठरले आणि त्याला कॉन्सलचे काम अडवण्याचा अधिकार मिळाला. इ.स.पू. ४७१ पासून हे ट्रिब्यून फक्त प्लेबियनांच्या सभेतून निवडले जाऊ लागले.

हे सगळे माळशिरसमध्ये का सांगायचे? २००८ च्या पुनर्रचनेनंतर हा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. २००९ पासून इथल्या प्रत्येक मतदाराने, मग तो कोणत्याही जातीचा असो, राखीव जागेसाठी मत दिले आहे. पुणे कराराचा प्रश्न आपल्यासाठी पुस्तकातला नाही, मतदान केंद्रावरचा आहे. तेव्हा विचारू या : जनतेचा कौल तर इथे दर पाच वर्षांनी लागतो. दुसरा कौल कोणाकडे आहे?

आज शकुन बघायला पक्षी लागत नाहीत. एबी फॉर्म लागतो. तो कोणाच्या सहीने येतो, त्याआधी कोणाच्या वाड्यावर किंवा फार्महाउसवर बैठक होते, कोणत्या गटाचा होकार लागतो, हे तुम्हांला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. कोणी म्हणेल, हे तर खुल्या जागेवरच्या उमेदवारालाही लागू आहे. बरोबर. एबी फॉर्म सगळ्यांनाच लागतो. पण खुल्या जागेवरच्या तालेवार उमेदवाराच्या पाठीशी कारखाना असतो, दूध संघ असतो, पतसंस्था, शिक्षणसंस्था असते. पक्षाने नाकारले तर तो दुसरा पक्ष शोधतो. राखीव जागेवरच्या सामान्य घरातल्या उमेदवाराकडे फॉर्मशिवाय दुसरे काही नसते. म्हणून दुसरा कौल त्याला जास्त वाकवतो. गावात सरपंचपदाची आरक्षण सोडत निघाली की पॅनेलप्रमुख ‘आपला माणूस’ शोधायला निघतो, तेही हेच. यात त्या उमेदवाराचा दोष काढू नका. वाकवणाऱ्या रचनेकडे बघा.

इथे पुणे करारातली एक विसरलेली तरतूद आठवावी. राखीव जागेसाठी आधी अस्पृश्य मतदारांनीच प्राथमिक निवडणूक करून चार उमेदवार ठरवायचे आणि मग त्या चारांतून सगळ्यांनी एक निवडायचा, अशी ती होती. दहा वर्षांच्या मुदतीची ही व्यवस्था आपल्या संविधानात आली नाही. मत सगळ्यांचे राहो, पण उमेदवार कोण हे ज्यांच्यासाठी जागा राखली त्यांच्या उघड सभेत ठरावे, एवढा तिचा गाभा. कुठल्याही पक्षाला आजही हे स्वतःहून करता येईल. कायदा आडवा येत नाही. आडवा येतो तो शकुन सांगण्याचा अधिकार सोडण्याचा कंटाळा!

आता बाबासाहेब ज्यांच्याशी वाद घालत होते, त्या समाजवाद्यांनाही त्यांचा वाटा द्यायला हवा, नाहीतर चिकित्सा एकांगी होईल. कॉन्सलची जागा प्लेबियनांना मिळाली ती लिसिनियस आणि सेक्स्टियस या दोन ट्रिब्यूनांच्या इ.स.पू. ३६७ च्या कायद्यांनी. मागण्या तीन होत्या : कर्जाचा भार कमी करा, सरकारी जमीन धारण करण्यावर मर्यादा घाला, आणि एक कॉन्सल प्लेबियन असू द्या. लिव्ही सांगतो की सामान्य प्लेबियन कर्ज आणि जमीन या दोन मागण्यांवर खूश होते. कॉन्सलपदाची त्यांना तेवढी ओढ नव्हती. पुढारी म्हणाले, घ्यायचे तर तिन्ही, नाहीतर काहीच नाही. पुढच्याच वर्षी पहिला प्लेबियन कॉन्सल कोण झाला? तोच सेक्स्टियस.

नंतर काय झाले? श्रीमंत प्लेबियन घराणी आणि जुनी पॅट्रिशियन घराणी मिळून एक नवा सत्ताधारी वर्ग तयार झाला. देवाच्या दारावरचा पहारा बदलला, पण दाराआतली मंडळी थोड्याच घरांतली राहिली. स्वतंत्र मतदारसंघही पुरा पडला नाही. इ.स.पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकस या ट्रिब्यूनने जमीनवाटपाचा कायदा आणला, तेव्हा तो अडवला कोणी? ऑक्टेवियसने. तोही प्लेबियनांनीच निवडलेला ट्रिब्यून होता. ग्रॅकसने त्याला पदावरून काढून कायदा मंजूर करवला आणि त्याच वर्षी सेनेटरांच्या जमावाने ग्रॅकसला ठार मारले. नैयायिकाच्या भाषेत, बाबासाहेबांच्या व्याप्तीला एक उपाधी जोडावी लागते. धर्माचा कौल ज्याच्या हाती त्याची सत्ता, हे खरे. पण तो कौल काढून घेतला की सत्ता सामान्यांकडे येते, असे मात्र नाही. मध्ये मालमत्ता उभी असते. आणि या साऱ्या झगड्यात गुलामांना आणि स्त्रियांना मत नव्हतेच, हेही रोमचे गुणगान करताना विसरू नये.

राहिला विवाह. बाबासाहेबांनी याच भाषणात जातीवरचा खरा उपाय आंतरजातीय विवाह म्हटला आहे. रोमने बारा पट्टांचा लेखी कायदा इ.स.पू. ४५१-४५० मध्ये केला, त्यात पॅट्रिशियन आणि प्लेबियन यांच्यातल्या लग्नाला बंदी होती. इ.स.पू. ४४५ मध्ये कॅन्युलियस या ट्रिब्यूनने ती उठवायला लावली. तेव्हा पॅट्रिशियनांची हरकत काय होती, ठाऊक आहे? रक्त मिसळले तर शकुन मिसळतील, देवांशी बोलायचा अधिकार कोणाचा ते कळणार नाही. म्हणजे घरातला उंबरठा आणि सत्तेचा उंबरठा एकाच धाग्याने बांधलेला. बाबासाहेबांना आपले म्हणणे सिद्ध करायला याहून चांगले उदाहरण रोममध्ये नाही. ते त्यांच्या भाषणात नाही, म्हणून आम्ही इथे जोडतो.

क्रम लक्षात घ्या. रोममध्ये आधी लग्न मोकळे झाले, मग सुमारे ऐंशी वर्षांनी कॉन्सलपद, मग पौरोहित्य, आणि इ.स.पू. २८७ मध्ये प्लेबियनांच्या सभेचे ठराव सर्वांवर बंधनकारक झाले. ट्रिब्यूनपासून मोजले तर दोनशे वर्षे. आपण कागदावर ते तीन वर्षांत केले. १९४७ ला पंढरपूर, १९४९ ला आंतरजातीय हिंदू विवाह वैध ठरवणारा कायदा, १९५० ला संविधान. वेगाचा अभिमान जरूर बाळगा. पण रोममध्ये लग्नाच्या मांडवाने पुढच्या सत्तेच्या भागीदारीला नाती पुरवली. आपल्याकडे सत्तेची भागीदारी कायद्याने आधी आली आणि मांडव अजून जातीचाच आहे. सरकार आंतरजातीय जोडप्याला ५० हजार रुपये देते, आणि त्याच महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागतो. याचा अर्थ ओळखा. राखीव जागेवरचा आमदार तुमच्या व्यासपीठावर बसतो, भाषण करतो, पण तुमच्या सोयरिकीत बसत नाही. मग सत्तेच्या आतल्या बैठकीत तो पाहुणाच राहणार, कारण त्या बैठका निम्म्याअधिक सोयऱ्याधायऱ्यांच्याच असतात.

बाबासाहेबांनी स्वतः पुढे काय केले, ते सर्वांना माहीत आहे. दारावरचा पहारा बदलण्याची सूचना कोणी ऐकली नाही, तेव्हा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी ते दारच मागे टाकले. १९३६ च्या भाषणात ते प्लेबियनांना म्हणतात की निवडून येणे पुरे आहे, देवीचा होकार कशाला हवा. हाच प्रश्न त्यांनी वीस वर्षे स्वतःला विचारला आणि तो कृतीत उतरवला. म्हणून डेल्फीची चूक ही त्यांच्या विचारातली चूक नाही, माहितीतली आहे. दोन्हींत फरक न करणारा वाचक त्यांचा विरोधक असो की अनुयायी, त्यांना नीट वाचत नाही.

रोमचा वारसा म्हणजे काय, असे कोणी विचारले तर आम्ही म्हणू, हा प्रश्न : पहिला कौल आपण देतो, दुसरा कोण देतो? पुढच्या निवडणुकीत, मग ती विधानसभेची असो, ग्रामपंचायतीची असो की कारखान्याची, उमेदवाराचे नाव कोणत्या खोलीत ठरले ते विचारा. राखीव जागेवर विचारा आणि खुल्या जागेवरही विचारा. आणि घरी गेल्यावर हेही विचारा, की आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या लग्नात दुसरा कौल कोणाचा चालतो.

तुमच्याकडे काही शंका असतील तर जरूर विचारा, आम्ही बसलो आहोत.